कुलपाचा नियम

राजनंदिनी : पण गेल्या वर्षी केशरबाई घरीच होत्या, संगीताताई. मी त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायलेय. गुडघे गेले, आता ऊसतोडीला जाणं नाही, असं त्या स्वतः म्हणाल्या होत्या.

संगीता : म्हनाल्या असतील. म्हातारं मानूस दिवसभर काय ना काय म्हनतच असतंय. तेवढं गादीचं दुसरं टोक धरा, उनात टाकू.

राजनंदिनी : आणि आत्ता येताना बघितलं, तर हनुमान त्यांना ट्रॉलीत चढवत होता. काखेत हात घालून. वरून त्याची बायको ओढत होती.

संगीता : मग काय जिना बांधायचा?

राजनंदिनी : पण नेतोय कशाला त्यांना?

संगीता : त्याची आई हाय, न्हेतोय. गादी झटका की, नुसती धरून काय उभ्या ऱ्हायल्या.

राजनंदिनी : केशरबाईंना नीट दिसत नाही. मागच्या वेळी माझ्या हातात साखरेऐवजी मिठाचा डबा दिला होता त्यांनी.

संगीता : सकाळपासून तुमचं हेच चाललंय. हितं जा, तितं जा, ह्या खोलीत डोकवा, त्या खोलीत डोकवा. बसा जरा एका जागी. आज सांजच्याला लेकरं वसतिगृहात राहायला यायलेत. मायबापाचं ट्रॅक्टर गावाबाहेर गेलं की हितं रडारड सुरू हुती. मग होळीपातूर मीच त्यांची माय आन मीच बाप. तुमचं काम तर झालंय. जावा, सोमवारची तयारी करा. अंबाजोगाईला त्या समद्या सायबलोकांपुढं उभं ऱ्हायचंय ना?

राजनंदिनी : सुरजचं नाव यादीत आहे?

संगीता : कोन सुरज?

राजनंदिनी : ताई, तुम्हाला माहितेय कोण. केशरबाईंचा नातू.

संगीता : हाय की. नियमात बसतंय, म्हनून हाय.

राजनंदिनी : नियमात बसतं, म्हणजे हंगामभर घरी कुणी मोठं माणूस नाही.

संगीता : घराला कुलूप. तुमच्याच फारमात लिहिलंय तसं. मी सोता जाऊन बघून आले. नवं कोरं कुलूप आनलंय हनुमाननं.

राजनंदिनी : सुरज गेल्या वर्षीही इथेच होता ना?

संगीता : व्हता.

राजनंदिनी : आणि आजी घरी होत्या.

संगीता : घरी व्हत्या.

राजनंदिनी : म्हणजे यंदाही त्या घरी राहिल्या असत्या, तर सुरजची जागा गेली असती.

संगीता : आता तुमी एवढं संख्याशास्त्र शिकून आलाव, त्यात मी काय भर घालू.

राजनंदिनी : अजून कितीजणांनी असं केलंय?

संगीता : असं म्हंजी कसं?

राजनंदिनी : जाणार नव्हतं असं म्हातारं माणूस, केवळ कुलूप लागावं म्हणून सोबत नेलं.

संगीता : मी कशाला इचारीन? लोकांच्या घरातलं हाय ते.

राजनंदिनी : काल मी वरच्या आळीत फिरले. सगळी कुलपं बघून मला बरं वाटलं होतं. मनात म्हटलं, नियम अगदी चोख पाळतायत लोक. गेल्या वर्षीच्या ओट्यांवर कोण कोण बसलेलं होतं, ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

संगीता : हे बघा राजनंदिनीताई. गेल्या साली ह्याच दारात काय झालतं, ते तुमाला म्हाईत हाय का? विजयसिंह आबा म्हंजी गावचा पुढारी, त्येचा मानूस चिठ्ठ्या घिऊन याचा. हे लेकरू घ्या, ते घ्या. ज्याच्या घरी आजी, आजा, चुलती, समदे हायत त्येची लेकरं हितं अंडी खायाला. आन रामप्रसादची पोरगी संस्कृती, आई वारलेली, घरात दुसरं कोन न्हाई, ती ह्या उंबऱ्यावर बसून व्हती दप्तर घिऊन. खाट न्हाई म्हनून मी तिला वापस लावलं. गेली बापासंगं उसाला. दिवाळीनंतर शाळंचं तोंड बघितलं न्हाई तिनं.

राजनंदिनी : माहितेय. तेच तर मी अहवालात लिहिलं होतं.

संगीता : लिहिलं, आन मग हा नियम आनला. लई भारी केलं. मी यंदा विजयसिंह आबाच्या मानसाला सुद्दा तोंडावर सांगितलं, कुलूप दाखवा आन लेकरू ठिवा. गप गेला माघारी. एवढ्या वर्सात पहिल्यांदा कोनी ह्या दारातून गप गेलंय. संस्कृती आज येनार हाय. तिची खाट मी खिडकीपशी लावली. आन तुमी आता म्हनायलाव की नियम चुकला.

राजनंदिनी : चुकला असं मी म्हटलेलं नाही अजून.

संगीता : तोंडावर लिहिलंय तुमच्या.

राजनंदिनी : पुण्याला प्रशिक्षणात सर पहिल्या दिवशी एकच प्रश्न फळ्यावर लिहितात. हा कार्यक्रम नसता, तर काय झालं असतं? सगळं मूल्यमापन म्हणजे एवढंच, असं म्हणतात. मी तो प्रश्न प्रत्येक लेकरासाठी विचारला. वसतिगृह नसतं तर सुरज कुठे असता? आजीजवळ, गावात, शाळेत. संस्कृती कुठे असती? उसाच्या फडात. म्हणजे खाट संस्कृतीला. उत्तर किती स्वच्छ होतं. मला रात्री झोप आली नव्हती आनंदानं.

संगीता : मग?

राजनंदिनी : नियम नसता तर केशरबाई आज कुठे असत्या, हे विचारलंच नाही मी.

संगीता : आता तुमी एकेका मानसाचं असं इचारत बसलाव तर कोनतंच काम व्हायचं न्हाई.

राजनंदिनी : सोमवारी मी काय दाखवणार आहे, ठाऊक आहे? गेल्या वर्षी निम्म्याहून जास्त खाटा वाया गेल्या. यंदा एकही नाही. सरांनी माझं नाव पुढे केलंय. तिथे बसलेले लोक तो आलेख बघणार, माना डोलावणार, आणि पुढच्या हंगामापासून सगळ्या वसतिगृहांत हाच नियम. तेलगावकडच्या, सिरसाळ्याकडच्या, सगळ्या. प्रत्येक गावात नवीन कुलपं विकत आणतील लोक.

संगीता : तुमी बसा बरं. पानी देऊ का?

राजनंदिनी : बसवत नाही मला.

संगीता : माझं ऐका. सोमवारी तुमी हे तितं बोललाव, तर ते काय म्हनतील? वसतिगृहामुळं म्हाताऱ्या बाया उसात गेल्या. पेपरात येईल. मग कोन कशाला पैसे देतंय? बंद करा म्हनतील. मग संस्कृती कुठं जाईल? सुरज कुठं जाईल? आन मी? मी परत कोयता घिऊ का हातात?

राजनंदिनी : नाही सांगितलं तर?

संगीता : तर काय न्हाई. चार म्हाताऱ्या हंगाम काढून येतील. म्हाताऱ्या आदी जात नव्हत्या का? जन्म गेला त्यांचा तिकडं.

राजनंदिनी : सगळ्या परत येतील?

संगीता : हे कसलं बोलनं.

राजनंदिनी : मी विचारतेय. तुम्ही तिथे राहिलेल्या आहात, मी नाही.

संगीता : थंडी असती लई. पाचटाची कोपी, खाली वल्ली जमीन. दवाखाना लांब असतोय. आता तुमी मला हे कशाला बोलायला लावायलाव?

राजनंदिनी : हनुमानचं ट्रॅक्टर कधी निघणार?

संगीता : डिझेल आनाया गेलाय म्हनं. कुठं चाललाव? अवो, फारम ऱ्हायला तुमचा हितं.

राजनंदिनी : राहू दे तिथेच.

संगीता : थांबा, मी बी येते. तुमी एकट्या गेलाव तर काय बी बोलून बसताल.

(हनुमानचं अंगण. ट्रॉलीत गाद्या, भांडी, सरपण, आणि कडब्याच्या पेंड्यांवर बसलेल्या केशरबाई. दाराला कुलूप.)

केशरबाई : कोन हाय? सुनबाई का?

संगीता : मी हाय, केशरमावशी. संगीता. वसतिगृहाच्या ताई आल्यात संगं.

केशरबाई : कागदवाली पोरगी? ये, वर ये. खाली टेकायला काय ठिवलं न्हाई आमी, समदं बांधलं. च्या बी देता येत न्हाई बग. भगुलं कुठल्या गठुड्यात गेलं देवाला ठावं.

राजनंदिनी : चहा नको, आजी. मी इथे कडेला बसते.

केशरबाई : पाय संबाळ, कोयते हायत तिकडं. हां, लिही आता. घर बंद ऱ्हानार हाय. आमी समदे चाललाव. सोताच्या खुशीनं चाललाव. सही करता येत न्हाई, अंगठा घे.

राजनंदिनी : हे कुणी शिकवलं तुम्हाला?

केशरबाई : हनुमाननं. सकाळधरनं तीन येळा म्हनून घेतलं माझ्याकडनं. मी म्हनले, आरं, शाळंत तुजं पाठ व्हत नव्हतं, आन आता आईचं घेतोस.

संगीता : मावशी, उगं काय बी सांगू नगा ओ.

केशरबाई : तिला सांगू नगं तर कोनाला सांगू? आली ती इचारायला, म्हनून सांगायले. चुकलं का काय? सुरजचं नाव तर न्हाई ना काढलं?

राजनंदिनी : नाही. आज मी कागद आणलाच नाही.

केशरबाई : मग कशाला आलीस?

राजनंदिनी : तुम्हाला बघायला.

केशरबाई : बग. ही अशी हाय. ट्रॉलीत बसल्याली.

राजनंदिनी : तिकडे गेल्यावर काय करणार तुम्ही?

केशरबाई : काय करायचं? हनुमान म्हनतो, आई, तू कोपीपशी नुसती बस. पन बसून कोन देतंय का? सून पहाटं फडात जानार, तवा भाकरी माझ्याच अंगावर. चूल दिसत न्हाई नीट, हात भाजतील चार येळा, मग सवय हुईल. पानी तेवढं लांबनं आनायचं न्हाई म्हनलंय मी. तेवढी एक अट घातली.

राजनंदिनी : मुलीकडे नाही का राहता आलं?

केशरबाई : लेकीच्या सासरी? एक हंगाम? चार दिस जाऊन यावं, लुगडं घ्यावं, माघारी यावं. जावई काय बोलायचा न्हाई, गरीब हाय बिचारा. पन मलाच घास गिळायचा न्हाई. आन सुरजचं हाय ना हे. त्यो वाचतो ग आता. इंग्रजी बी वाचतो. मला कळत न्हाई काय वाचतो ते, पन आवाज कसा, मास्तरासारखा. आता नियमच तसा हाय म्हनल्यावर, मी आडवी कशी पडीन?

राजनंदिनी : तुम्हाला जायचं होतं का, आजी?

केशरबाई : असं कोन इचारतं का ट्रॉलीत बसल्यावर?

राजनंदिनी : मी विचारतेय. आधी विचारायला हवं होतं.

केशरबाई : न्हाई.

संगीता : मावशी...

केशरबाई : न्हाई म्हनले. मला जायचं न्हाई. मी लई तोडला ऊस. पोटात हनुमान व्हता तवा बी तोडला. आता मला माझ्या ओट्यावर बसायचंय, आन येनाऱ्या जानाऱ्याला नावं ठिवायचीत. पन सरकारचा नियम हाय, तिथं माझं काय चालतंय?

राजनंदिनी : नियम सरकारचा नाही.

संगीता : ताई, ऱ्हाऊ द्या. कशाला आता.

केशरबाई : मग कोनाचा? विजयसिंह आबाचा?

राजनंदिनी : माझा.

केशरबाई : तुजा?

राजनंदिनी : हो. मी सुचवला, वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेनं मान्य केला.

केशरबाई : एवढूशी तू, आन नियम करतीस?

राजनंदिनी : शिकतेय अजून.

केशरबाई : कावून केलास? आमी काय तुजं वाकडं केलतं?

राजनंदिनी : खाटा कमी आहेत. ज्यांच्या घरी कुणीतरी असतं, त्यांची मुलं गावात राहतातच. ज्यांचं कुणी नसतं, ती फडात जातात. गेल्या वर्षी संस्कृती गेली.

केशरबाई : रामप्रसादची ग? आई न्हाई ती?

राजनंदिनी : हो.

केशरबाई : यंदा घेतली का तिला?

संगीता : घेतली मावशी. आज येनार हाय.

केशरबाई : मग ते बरं केलंस. त्या पोरीचं मला बी वाईट वाटायचं. फडातनं आली तर हाताला ह्या एवढाल्या चिरा. पन तिला खाट द्यायला मला का उठिवलंस?

राजनंदिनी : मला वाटलं होतं, घरात आजी असलेली माणसं मुलाला आजीपाशी ठेवतील. खाट सोडतील. आजीलाच सोबत नेतील, असं मनातच आलं नाही.

केशरबाई : मला बी आलं नव्हतं. हनुमाननं कुलूप आनलं तवा मी म्हनले, लेका, चोराची भीती वाटाया लागली का काय तुला. हितं चोरानं काय न्यायचं, माझा पानाचा डबा?

राजनंदिनी : आजी, सुरजला वसतिगृहात नेमकं काय आवडतं?

केशरबाई : अंडं. आन सांजच्याला ही संगीता अभ्यास घेती ते. घरी मी काय घेनार? मला अक्षर म्हंजी मुंगी.

राजनंदिनी : आणि रात्री झोपायला?

केशरबाई : झोपतो कुठं तिथं. गेल्या साली रातच्याला भिताडावरनं उडी मारून माझ्याकडं याचा. गोधडीत शिरायचा गार पाय घिऊन.

संगीता : मला ठावं व्हतं. सकाळी हजेरीला गुमान वापस असायचा, म्हनून मी बोलले न्हाई.

राजनंदिनी : म्हणजे त्याला खाट लागतच नव्हती. ताई, जेवण, अंडं, अभ्यास तुमच्याकडे. झोपायला आजीजवळ. कुठली खाट अडते यात?

संगीता : बोलायला सोपं हाय. शिधा खाटंवर मिळतोय मला. जेवढ्या खाटा तेवढी अंडी. वरच्या लेकरांना काय माझ्या डोस्क्यातनं काढून घालू?

राजनंदिनी : ते मी मागते.

संगीता : कोनाला?

राजनंदिनी : सोमवारी. त्याच लोकांना.

संगीता : तितं तुमी नियम दाखवायला चाललाव, आन म्हननार, नियम मोडा आन अंडी वाढवा?

राजनंदिनी : म्हणणार, नियमानं काय काय झालं. संस्कृतीला खाट मिळाली, हेही. केशरबाईंना ट्रॉलीत बसवलं, हेही. आलेख नाही दाखवणार मग. दाखवला तर दोन्ही दाखवीन.

संगीता : आन त्यांनी वसतिगृहच बंद करायचं म्हनलं तर?

राजनंदिनी : माहीत नाही, ताई. खरंच माहीत नाही. सरांचा फोन येईल, ते चिडतील बहुतेक. मला पुढे ठेवतील की नाही, तेही माहीत नाही. पण त्या खोलीत मी उभी राहून सगळं छान झालं म्हणाले, आणि पुढच्या वर्षी प्रत्येक गावातून अशा ट्रॉल्या निघाल्या, तर मी काय मोजायला शिकले?

संगीता : तुमाला जरा बी दम निघत न्हाई. निदान हा हंगाम तरी जाऊ द्यायचा.

केशरबाई : हंगाम जाऊ द्यायचा म्हंजी मी जायाचं का?

संगीता : तसं न्हाई ओ मावशी.

केशरबाई : तसंच हाय की. तुजं बी खरं हाय, तुला लेकरं संबाळायचीत. पन बसायला तू न्हाईस हितं, मी हाय.

संगीता : बरं. न्हाई बोलत मी. आठ-दहा लेकरं वाढली तर पहिला म्हैना मी वरनात पानी घालून भागवीन. म्होरं ह्या ताईंनी अंडी न्हाई आनली, तर ह्यांच्याच दारात लेकरं घिऊन बसनार. अंबाजोगाईला.

राजनंदिनी : बसा.

संगीता : हसता काय? खरंच येईन.

केशरबाई : पोरी, म्हंजी मी हितं ऱ्हायले, तरी सुरजचं नाव ऱ्हातंय?

राजनंदिनी : राहतंय.

केशरबाई : कोनी येऊन माझा ओटा बगून त्याला काढनार न्हाई?

राजनंदिनी : बघायला मीच येते. मी नाही काढणार.

केशरबाई : बग कसं असतंय. आमाला वाटलं, नियम वरनं आलाय. वरनं आल्याल्याला कोन काय म्हननार? पाऊस म्हना, नियम म्हना. घरोघर मानसं तेच बोलली, वरनं आलंय, आता काय करता. आन तू तर हितं, कोयत्यापशी बसलीस. मला आदी कळलं असतं तर तुजा कान धरला असता.

राजनंदिनी : धरा आता.

केशरबाई : दिसू तर दे कुठंय. संगीता, हात दे ग, मला खाली घे. हळू. ह्या गुडघ्यानं न्हाई, त्या गुडघ्यानं. हां. ट्रॅक्टरचा आवाज यायला का?

संगीता : यायला. हनुमानच हाय. डिझेलचा डब्बा घिऊन.

राजनंदिनी : मी बोलते त्याच्याशी.

केशरबाई : तू नगं. तुज्यापुढं हो म्हनंल, आन तू गेलीस की मला परत चढवंल. त्याचं मी बगते. आई हाय मी, सामान न्हाई. तुमी दोघी जावा म्होरं. वरच्या आळीतली ट्रॅक्टरं बी आजच निघायलेत, काही तर निघाली बी असतील.

संगीता : चला, स्कुटी काढा. मी मागं बसते.

राजनंदिनी : आजी, कुणाकुणाकडे जाऊ? कुणाच्या घरी असं झालंय, तुम्हाला माहीत असेल.

केशरबाई : मला कसं ठावं? लोक काय मला सांगून आई न्हेतात का? नियम तू कोनाकोनाला सांगितला व्हतास?

राजनंदिनी : सगळ्यांना.

केशरबाई : मग समद्यांकडं जावं लागंल.